जोड्या जुळवणारी

"आई, सकाळपासून नुसत्या जोड्या जुळवतेय. पण शंभरातल्या दहा काही केल्या जुळत नाहीत!" हॉस्पिटलच्या कँटीनच्या रांगेत ती फोनवर करवादली.

मागून आवाज आला, "माफ करा… त्या उरलेल्या दहांत माझंही नाव घालाल का? घरचे हात धुऊन मागे लागलेत."

ती गर्रकन वळली. प्रसूती विभागातला डॉक्टर. चुरगळलेला ॲप्रन, आणि चेहऱ्यावर इतकं प्रांजळ हसू की तिला रागवायचंही सुचेना.

"लग्नं नाही जुळवत हो, नोंदी जुळवते! बाळंतपणाची नोंद एका इमारतीत, मनाच्या आजाराची दुसरीत. नावं गाळून, नुसत्या नंबरावरून एकाच बाईच्या दोन्ही नोंदी जोडायच्या. म्हणजे बाळंतपणानंतर बायकांच्या मनाचं काय होतं, ते कळतं."

त्याचं हसू मावळलं. "माझ्या वहिनीच्या वेळी कळलं असतं तर… बाळ-बाळंतीण सुखरूप, म्हणून आम्ही गावभर फोन केले. आणि ती मोरीत नळ सोडून रडायची. आता बरी आहे. पण तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीला मी आधी तिचं विचारतो, मग बाळाचं."

असा माणूस आवडणार नाही तर काय! रोजचा चहा सुरू झाला.

"साखर?"

"तुम्ही आहात की."

"डॉक्टर, हे फार जुनं झालं."

"मग नवं ऐका… तुम्ही हसलात की मी पुढचं वाक्य विसरतो." आणि तो खरंच विसरला.

एके दिवशी मात्र तो पडेल चेहऱ्याने आला. बाळंतिणींशी चालणाऱ्या त्याच्या गप्पांमुळे तपासणीची रांग लांबते, म्हणून त्या बंद करायचं वरून घाटत होतं. त्याच आठवड्यात तिच्या हाती उत्तर लागलं. त्याच्या वॉर्डातल्या खचलेल्या आया इतरांपेक्षा कितीतरी आधी उपचारांपर्यंत पोचत होत्या! तिचा ऊर अभिमानाने भरून आला. पण लगेच ध्यानात आलं: आपलं मन त्याच्यात गुंतलेलं… मग आपल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्याचं एवढं सोन्यासारखं काम आपल्या प्रेमापायी बुडायचं.

ती तडक आपल्या विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत शिरली.

"मॅडम, हे आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. मी… मी निःपक्षपाती राहिले नाही. त्या डॉक्टरांवर माझा जीव जडलाय!"

"कालच घेतले," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "चोख आहेत. त्या गप्पा आता कुणी बंद करत नाही."

"कालच? पण तुम्हाला कसं—"

"तुमचा चहा सगळं ऑफिस बघतं, बाई. आणि डॉक्टरांना हेच सांगायला बोलावलं होतं." त्यांनी दारामागच्या खुर्चीकडे बोट केलं.

तो उठून उभा होता. कान लालबुंद. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

"काय डॉक्टर, काही बोलायचंय?" मॅडमनी विचारलं.

"आहे… पुष्कळ आहे," तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "पण मॅडम, खोली तुमचीच आहे, ठाऊक आहे मला… तरी जरा बाहेर थांबता का?"