सातव्या पावलापुढे

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, तशी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी लेकीला थेट तिथल्या प्रयोगशाळेत आणलं. काम किरकोळ होतं. थ्रीडी छपाईच्या यंत्रात छापून होत आलेली प्लास्टिकची फरशी काढायची आणि घर गाठायचं. पोर एका जागी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

फरशी म्हणजे एका आटलेल्या तळ्याच्या चिखलाची हुबेहूब नक्कल. हजारो वर्षांपूर्वी त्या चिखलातून एक स्त्री आणि एक मूल शेजारी शेजारी चालत गेले होते. पावलांचे ठसे सुकून दगड झाले. विद्यार्थ्यांना ते हातांनी चाचपता यावेत, म्हणून बाईंनी ठसे स्कॅन करून संगणकावर मॉडेल केलं होतं. पण एका गोष्टीने त्यांचं डोकं पोखरलं होतं. सातव्या पावलानंतर मूल नाहीसं होत होतं. स्त्रीने कडेवर घेतलं म्हणावं, तर ओझ्याने तिची पावलं खोल रुतायला हवीत. ती तसूभरही जास्त रुतली नव्हती.

यंत्र थांबलं. एरवी गरम प्लास्टिकचा वास यायचा; आज खोलीत ओल्या चिखलाचा दर्प कोंदला होता. बाईंनी फरशी जमिनीवर ठेवली आणि त्या खिडकी उघडायला वळल्या.

"आई, बघ… माझ्याच मापाचा!"

बूट काढून भिंगरीने त्या सातव्या ठशात पाऊल ठेवलं होतं. टाच, बोटं, सगळं नेमकं बसलं होतं.

"आधी बाहेर हो!" बाई ओरडल्या. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पोर मुकाट्याने बाजूला झाली. बाई फरशी उचलायला वाकल्या आणि त्यांचा हात थबकला. स्त्रीच्या आठव्या पावलात त्यांचं बोट पेरभर आत गेलं. प्लास्टिक थंड, टणक. संगणकावर पाहिलं, तर मॉडेलमधला ठसा उथळच होता.

बाईंनी घाईने कुलूप घातलं. बाहेर लख्ख ऊन, माणसांची वर्दळ. लेकीचा हात त्यांच्या हातात होता, पाय जमिनीवर होते. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आई…" भिंगरी कुजबुजली. "त्या काकूंना सांग ना, मला खाली ठेवायला."

"कोण काकू? अगं, तू चालतेयस माझ्याबरोबर…"

"नाही गं. तू केव्हाच मागे राहिलीस… आता तर दिसतही नाहीस."

बाईंनी हातातला इवलासा हात आणखी घट्ट आवळला.