दोन पिवळे कॅन

"मिस्त्री कुठंयत?"

मी एका टेम्पोखाली उताणी पडले होते. तिथून मला फक्त धुळीनं भरलेल्या दोन चपला दिसल्या, आणि त्यांच्यामागं वाफ सोडत उभा असलेला एक पिकअप.

"मिस्त्री खाली आहे," मी म्हटलं आणि सरकत बाहेर आले.

तो दोन पावलं मागं गेला. "तुमी...?"

"मीच. आधी दचकून घ्या, मग गाडीचं बोलू."

नागापूरच्या एमआयडीसीतलं पप्पांचं गॅरेज गेली चार वर्षं मी चालवते, तरी रोज कुणीतरी असं दचकतंच. मला त्याचा भयंकर राग येतो. या माणसाचा मात्र आला नाही. दचकून झाल्यावर तो हसला, आणि त्याचे डोळे ओठांच्या आधी हसले.

नाव आदिनाथ. जामखेडकडून एमआयडीसीत माल उतरवायला आलेला. "रस्त्यात येकानं सांगितलं, गॅसकिट गेलं, इंजिन खोलावं लागंल," असं म्हणत त्यानं रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "अहो! उकळतं पाणी तोंडावर येईल!"

तो हलला नाही. मीही... जरा उशिराच सोडलं. मनगटावर माझ्या ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"पुसा ते," मी फडकं पुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या की."

गाडी निवल्यावर झाकण काढलं. आत पाण्याच्या जागी साय धरलेल्या हळदीच्या दुधासारखं दाट काहीतरी. आदिनाथचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, इंजिनच्या सांध्यातलं गॅसकिट गेलं. पाण्यात तेल म्हणजे ते इंजिनातूनच आलेलं. पण पप्पा नेहमी सांगतात, खोलायच्या आधी बघावं. मी इंजिनचं ऑइल मोजायची पट्टी ओढली. ऑइल काठोकाठ, काळंभोर, त्यात पाण्याचा टिपूसही नाही. ते कमी झालंच नव्हतं, तर पाण्यात गेलं कुठून? शिवाय रेडिएटरमधला हा थर पिवळा होता.

थोडा बोटावर घेऊन चोळला. हुंगला. आणि मी चाट पडले.

"स्वयंपाक गाडीतच करता का हो?"

"म्हंजी?"

"हे करडईचं तेल आहे!"

त्याला आधी हसू आलं. सकाळी निघाल्यावर वाटेत त्यानं रेडिएटरमध्ये दोन लिटर कूलंट टाकलं होतं म्हणे, घरून आणलेल्या कॅनमधलं. तो कॅन त्यानं केबिनमधून काढून दिला. कॅन कूलंटचाच, पिवळा. झाकण उघडलं तर आत तेल.

"आत्या घाण्यावरनं तेल आनायला कूलंटचा रिकामा कॅन धुऊन वापरती," तो ओशाळून म्हणाला. "काल पडवीत दोन कॅन शेजारी-शेजारी ठिवले हुते. येक तेलाचा, येक..."

तो थांबला. दोघांनाही एकदमच कळलं.

तेलाचा कॅन इथं होता. म्हणजे कूलंटचा घरी, आत्याच्या चुलीपाशी. तेही पिवळंच, चवीला गोड, आणि पोटात गेलं तर जीव घेणारं.

"किती वाजले?"

"पावनेबारा." त्यानं घड्याळ परत बघितलं. "बाराला जेवती ती. चटनीवर कच्चं तेल घेतल्याबिगर घास उतरत न्हाई तिचा."

"मग फोन लावा ना!"

लावला. कट. पुन्हा लावला... पुन्हा कट.

"रुसलीय. सकाळी कूलंट टाकतानाच फोनवर भांडलो. म्हनली, पोरगी पसंत केल्याबिगर मला फोन करू नगं." त्यानं परत लावला, परत कट. "वस्तीवर येकलीच हाय ती. आईमागं तिनंच वाढवलंय मला, कृपा..."

पाटीवरचं माझं नाव त्यानं कधी वाचलं, कोण जाणे. मी त्याच्याकडून नंबर घेऊन माझ्या फोनवरून लावला.

"कोन?"

"आत्या, जेवू नका! तुमच्या तेलाच्या कॅनमध्ये—"

"मला कंपनीचं तेल नगं." कट.

मी परत लावला. फोन उचलला गेला आणि पुन्हा कट व्हायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "आदिनाथची पसंत केलेली पोरगी बोलतेय! भाकरी खाली ठेवा!"

पलीकडं ताटली वाजली. इकडं आदिनाथनं चमकून माझ्याकडं बघितलं.

"ठिवली," आत्या म्हणाल्या. "चटनीवर वतलंय, पर खाल्लं न्हाई. आज वासच येईना म्हनून बघत हुते. नाव काय गं तुजं?"

मी नाव सांगितलं, आणि त्या कॅनमध्ये विषारी कूलंट आहे तेही. आदिनाथ ग्रीसचे ठसे उमटलेल्या त्याच हातानं डोळे पुसत होता.

रेडिएटर साबणाच्या पाण्यानं धुतला, पाईप बदलले. "तेल एका धुण्यात जात नाही, आठवड्यानं या," मी सांगितलं. ते खरंच होतं. दुसऱ्या खेपेलाही खरं होतं. तिसऱ्या खेपेला पाणी नितळ निघालं... आणि मी वाकून बघत म्हटलं, "अजून थोडा तवंग आहे."

"लई हाय का?"

"आणखी एक खेप तरी लागेल."

कोपऱ्यात पप्पा उगाचच खोकले.

तो गेल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. मी रविवारी चर्चला जाणारी, त्याच्या गाडीत काचेपाशी भैरोबाचा फोटो. आत्यांनी माझं खोटं ऐकलं होतं; खरं त्यांना झेपेल का? नाही झेपलं, तर हा माणूस परत यायचा नाही, आणि मला तर तो हवा होता.

चौथ्या खेपेला पिकअपमधून आधी साळूआत्याच उतरल्या. हातात तेलाची काचेची बरणी.

"दाव ती टाकी."

त्यांनी वाकून बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. "येक थेंब न्हाई. करडईत जलम गेला माजा."

कान तापले माझे. आदिनाथ खाली बघत म्हणाला, "मला मागल्या खेपंलाच दिसलं हुतं."

"मग आज आलात कशाला?"

"तुमी बोलावलं म्हनून..."

आत्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुज्या शब्दावर म्या भाकरी खाली ठिवली. फोनवर बोललीस ते खरं का खोटं?"

"तेव्हा खोटं होतं, आत्या."

"आन् आता?"

"आता... आत्या, मी रविवारी चर्चला जाते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मग बरणी माझ्या हातात दिली.

"मंग रविवारचा सैपाक ह्यो करंल. फकस्त कॅन बघून तेल वत म्हनावं ह्याला."

मला हसावं की रडावं कळेना. बरणी बाकावर ठेवली, तोवर आदिनाथनं आपलं मनगट माझ्यापुढं धरलं होतं. माझे हात ग्रीसनं भरलेले होते. मी ते तसंच धरलं.