वीरधवलला क

सांगलीत विश्रामबागला आमचं मैदान आहे. तिथल्या बास्केटबॉल कोर्टाची देखभाल मी एकतीस वर्षं केली. सकाळी खराटा मारायचा, रेघांना पांढरा रंग द्यायचा, फाटलेल्या जाळ्या उतरवून नव्या बांधायच्या. साठीनंतर पगार बंद झाला, पण किल्ली माझ्याकडेच राहिली. पोरांना मी याकूबचाचा.

कोर्ट सिमेंटचं आहे. पूर्वेच्या रिंगखाली, फ्री थ्रोच्या रेघेच्या डाव्या टोकाला एक जागा अशी आहे की तिथं टप्पा पडला तर चेंडू वीतभर कमी उसळतो. खालची माती खचली असावी. वरून काही दिसत नाही. हे मला माहीत होतं आणि नाथाजीला माहीत होतं. नाथाजी आमचा पहारेकरी. कठड्यावर बसून सामने बघायचा, आणि कोणी फ्री थ्रोला उभा राहिला की नेमका खोकायचा. पोरं वैतागायची. तीन वर्षांपूर्वी तो वारला.

त्यानंतर दोन वर्षांनी क्रांती कोच म्हणून आली. मूळची आटपाडीची, स्वतः राज्यापर्यंत खेळलेली. यंदा पावसाळ्यात तिनं लॅपटॉपमध्ये आमचा संघ भरला. बारा पोरं, प्रत्येकाची उंची, वजन, धावायचा वेळ, शंभरातले किती चेंडू रिंगमध्ये पडतात, सगळं. मग बाकीच्या जिल्ह्यांचे संघ भरले. त्यानंतर ते यंत्र आपणच सामने खेळायला लागलं. अर्ध्या मिनिटात एक सामना.

"आवं चाचा, खरा मोसम दिवाळीनंतर. त्याच्या आधी ह्यो खोटा मोसम खेळून घ्यायचा. कोण कुठं कमी पडतंय ते कळतंय."

"आन हरलो तर शिव्या कुणाला घालायच्या?"

"लॅपटॉपला घाला. त्यो उलटून बोलत न्हाई."

प्रत्येक सामन्यानंतर यंत्र मराठीत पानभर वृत्तांत लिहायचं. क्रांती तो छापून मला द्यायची. मी अक्षरं पन्नाशीनंतर साक्षरता वर्गात शिकलो, आणि तेव्हापासून हातात येईल ते वाचतो. बोट ठेवून, हळू, पण एकही अक्षर सोडत नाही.

पहिला वृत्तांत साधा होता. कोणी किती गुण केले, कोण थकला. दुसऱ्यात एक वाक्य होतं : 'पूर्वेच्या रिंगखाली डावीकडे चेंडू नेहमीप्रमाणे बसला.'

मी क्रांतीला विचारलं, "हे तू यंत्राला सांगितलंस व्हय?"

"काय?"

"तिथं चेंडू बसतो ते."

ती चेंडू घेऊन गेली. त्या जागी दोनदा आपटला. मग शेजारी आपटला. परत त्या जागी. "खरंच की," ती म्हणाली. "मला कुठं म्हाईत हुतं हे?"

चौथ्या वृत्तांतात असं होतं : 'कठड्यावरचा माणूस खोकला आणि शिवतेजचा दुसरा फ्री थ्रो हुकला.'

मी ते तीनदा वाचलं. वाचण्यात चूक होते माझी कधी कधी. पण अक्षरं तीच होती. क्रांतीला कागद दाखवला तर ती हसली. "कायबी लिवतंय वो मनानं. रंग भरतंय." नाथाजीबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्या दिवशी कठडा झाडताना मात्र मी तेवढी जागा सोडून झाडलं.

पाच सामने झाले. तीन जिंकलो, दोन हरलो. बुधवारी क्रांतीनं मला पोरांच्या नावांचा कागद दिला.

"चाचा, तुमी एवढी वर्सं पोरं बघताय. ह्यांना दर्जा लावून द्या. अ, ब, क. मी माझा लावीन, पण तुमचा डोळा येगळा. त्यावरच रविवारचे पाच ठरवणार."

रविवारी खरा सामना होता. साताऱ्याचा संघ आमच्या कोर्टावर सरावाला येणार होता, आणि जिल्ह्याच्या निवड समितीची दोन माणसं बघायला येणार होती.

मी दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. दहा जणांना ब लावला. पोरं चांगली होती, पण चांगलीच होती, त्यापुढे नाही. उरले दोघं. शिवतेजचा हात फार गोड, पण पळायला नको. मधल्या रेघेपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहणार, एसटीची वाट बघत असल्यासारखा. दुसरा वीरधवल. मूळचा मेढ्याकडचा, शिकायला सांगलीत आलेला. वडील फौजेत, थोरला भाऊ फौजेत, आणि ह्याला खेळाडू म्हणून भरती व्हायचं होतं. त्यासाठी राज्याच्या संघात नाव लागायला हवं, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे रविवारची ती दोन माणसं. पोरगा सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायचा, माझ्या हातातला खराटा काढून घ्यायचा आणि स्वतः कोर्ट झाडायचा. रिंगखाली उडी मारली की वाटायचं, हा आता वरच राहतोय.

शिवतेजला मी अ लावला. वीरधवलला क.

शुक्रवारी दुपारी कागद क्रांतीला दिला. तिनं वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला.

"नक्की?"

"नक्की. त्या पोराबद्दल मला जराबी शंका न्हाई."

तिनं कागद वहीत ठेवला. मग तिनं मला सहाव्या सामन्याचा वृत्तांत दिला. सकाळीच निघालेला, माझे दर्जे यंत्रात जाण्याआधीचा. समोरचा संघ सातारा.

आधीचे पाचही वृत्तांत झालेल्या गोष्टीसारखे लिहिलेले होते. अमका पळाला, तमक्यानं टाकला. ह्याचा शेवट तसा नव्हता.

'तिसरा क्वार्टर. सांगली ४१, सातारा ३८. वीरधवल पूर्वेच्या रिंगखाली उडी मारतो. वीरधवल खाली पडतो. वीरधवल उठत नाही.'

त्याखाली कागद कोरा होता.

"पुढचं कुठाय?"

"अडकलं यंत्र. तीनदा चालवलं. तीनदा तिथंच थांबतंय."

कागदाला शाईचा वास येत होता. बाहेर पोरांच्या बुटांची चीं चीं चालली होती, आणि त्यात वीरधवलचा आवाज होता, "दे की रं इकडं!"

मी यंत्राला घाबरणारा माणूस नाही. संध्याकाळी वेल्डर बिराप्पाला घेऊन आलो. त्यानं पूर्वेच्या रिंगचा खांब हातोडीनं वर खाली ठोकून बघितला. जोड खरवडले. मग स्वतः रिंगला लोंबकळला. बिराप्पाचं वजन नव्वद किलो तरी असेल.

"धा वर्सं हलत न्हाई ह्यो, चाचा. तुमी आमी जाऊ, ह्यो ऱ्हाईल."

तरी मला झोप लागली नाही.

शनिवारी क्रांतीला गाठलं. कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणालो, "पोरी, उद्या वीरधवलला खेळवू नगंस."

"आवं, खेळवतंय कोण? तुमीच क दिलाय की त्याला. मी बशीवलाय बाकावर."

"क दिला म्हणूनच म्हणतो. क म्हंजे पयला न्हवं?"

तिनं यादी काढून अक्षरांवर बोट ठेवलं. "चाचा, अ पयला. मग ब. मग क."

आमच्या वर्गात मास्तरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर 'काम' लिहिलं होतं, कारण तो शब्द तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. मी शिकलेलं पहिलं अक्षर क. आणि अ मला भेटला तो अशिक्षित, अपात्र, अपुरा अशा शब्दांतून. चांगल्या शब्दापुढं अ लागला की तो शब्द बिघडतो, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं. शाळेत कधी गेलो नाही, मला कोणी दर्जा लावला नाही. अ मिळाला की लोक पेढे वाटतात, हे मला कुठून कळणार?

"म्हंजे तुमाला वीरधवल सगळ्यांत वर म्हणायचा हुता?" क्रांती म्हणाली. "मी काल रातभर इचार केला, चाचांना ह्याच्यात काय खोट दिसली म्हणून. थांबा, यादी बदलती."

आता मला फक्त 'बदल' म्हणायचं होतं. माझी चूक होती, पोराचं नुकसान होत होतं. समितीची माणसं वर्षातून एकदा येतात. मी 'व्हय' म्हटलं असतं तर तो खेळला असता.

"नगं," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे क."

"आवं पण का?"

"माझा डोळा येगळा म्हणालीस न्हवं तू? मग इचारू नगंस."

क्रांतीनं यादी दुमडून खिशात घातली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी आठला वीरधवल आला. खराट्याला हात लावला नाही. माझ्यासमोर उभा राहिला.

"चाचा, क? मला?"

मी जाळीची दोरी बांधत होतो. बांधत राहिलो.

"माजं काय चुकलं तेवढं तरी सांगा. घरी काय सांगू मी?"

"गप बस. माझ्याशेजारी बाकावर बस. उठायचं न्हाई."

"तुमी पण तसलेच निघाला," तो म्हणाला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

सामना नऊला सुरू झाला. ऊन चढत होतं. समितीची दोन माणसं खुर्च्यांवर, मांडीवर वह्या. वीरधवलच्या जागी शिवतेज.

दुसऱ्या क्वार्टरला आम्ही मागे होतो. तिसऱ्यात पुढे आलो.

३७. ३९.

मी बाकावरून सरकत वीरधवलच्या शेजारी गेलो, पण बघत होतो गुणांच्या फळ्याकडे. गुण लिहिणाऱ्यानं खडू मोडला, नवा घेतला.

४१. खाली, ३८.

चेंडू आमच्या पोराकडे. त्यानं पूर्वेच्या रिंगकडे लांब फेकला. रिंगखाली आमचा माणूस असायला हवा होता.

क्रांती ओरडली, "शिवतेज, आत! आत जा की रं!"

शिवतेज मधल्या रेघेपाशी उभा होता. कमरेवर हात.

वीरधवल बाकावरून अर्धा उठला. मी त्याचा दंड धरला.

चेंडू डावीकडच्या त्या जागी पडला आणि बसला. जवळ कोणीच नव्हतं.

कठड्याच्या बाजूनं खोकल्याचा आवाज आला.

खांब शेवग्याची फांदी मोडावी तसा मोडला. बोर्ड, रिंग, जाळी, सगळं एकदम खाली आलं. सिमेंटचा आवाज पायातून डोक्यापर्यंत गेला. धूळ उडाली आणि मग काहीच ऐकू येईना.

मी मोजलं. आमचे पाच. त्यांचे पाच. पंच दोन. सगळे उभे.

परत मोजलं.

माझ्या हातात वीरधवलचा दंड होता. तो माझ्यानं सोडवत नव्हता. मी तिथंच बाकावर बसून राहिलो, आणि मला रडू आलं की हसू ते आजही सांगता यायचं नाही. छातीवरचं ओझं उतरलं एवढं खरं. इतकं हलकं मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

शिवतेज हळूहळू आमच्याकडे आला. तोंड पांढरं पडलं होतं. "चाचा, मी आळशी हाय म्हणून वाचलो."

"व्हय. घरी आयला सांग. म्हणावं, आजपासनं शिव्या बंद."

क्रांती हसली. मग सगळेच हसायला लागले, साताऱ्याचीसुद्धा पोरं. कोणी तरी चहा सांगितला.

पुढचं सगळं चांगलंच झालं. समितीची माणसं पंधरा दिवसांनी परत आली, दुसऱ्या कोर्टावर. त्याआधी मी क्रांतीच्या समोर वीरधवलला माझ्या अक्षरांची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की ठसका लागला. "चाचा, तुमी माज्या पोटावर पाय दिला हुता!" जिल्ह्याच्या यादीत त्याचं नाव लागलं, डिसेंबरात राज्याच्याही. बिराप्पानं मोडलेला खांब तपासला. गंज नव्हता, जोड शाबूत होता, पाइप मधूनच तुटला होता. क्रांतीनं लॅपटॉपमधला मोसम पुसून टाकला. मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललो नाही. त्या सकाळी चहा येईपर्यंत सहा पोरांनी मिळून बोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि ती हात झटकत सावलीकडे गेली. मी खराटा घेऊन तिथंच थांबलो. बोर्ड पडला तिथं सिमेंटवर धूळ होती, आणि धुळीत दोन ओले तळवे उमटलेले होते. बोटं फाकलेली. त्यांच्या मागं गुडघ्याचा एक ठसा, आणि त्याच्या मागं बुटाचा, मोठा, पुढचा भाग घासत गेलेला, आमच्यात एकाच पोराच्या मापाचा. वीरधवल सावलीत उभा राहून कप वाटत होता.

मी फडकं आणून ते पुसलं. जागा परत ओलावली. दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा कोरडी राहिली.

फडकं हातात कोमट लागत होतं.