सुंदररावांचा शेवटचा फोन

या, बसा. नांदूरघाटहून इथपर्यंत गाडीवर आलात म्हणजे पाठ मोडली असेल. चहा टाकायला सांगितलाय. तेवढी ती खिडकी लावून घ्या आधी, धूळ फार येते. कडी सैल आहे, जरा दाबून लावा. हं, झालं.

तुमच्या चुलत्यांची बातमी कळली मला. वाईट झालं. परवा दशक्रिया आहे आणि तिथे मी बोलावं अशी तुमची इच्छा आहे. असणारच. पण तुम्ही विचारायला कचरताय, हेही मला दिसतंय. सिरसाळ्याच्या हॉटेलात चहा प्यायला असाल आणि कुणीतरी कान भरले असतील, की मोहनराव सुंदररावांच्या घरातून पळाले, वाचा बसली त्यांची, आता ते भाषण करत नाहीत. म्हणून म्हणतो, आलाच आहात तर खरं काय ते माझ्या तोंडून ऐका. गेल्या दोन महिन्यांत मी बोललो नाही हे खरं आहे. पण माणसानं आयुष्यभरात एकच नाव कमावलेलं असतं हो, ते असं चहाच्या टपरीवर जाऊ द्यायचं नसतं.

मी कोण, हे तुम्हाला सांगायला नको. झेडपीला दोनदा पडलो, ती गोष्ट वेगळी. मतदानाच्या मशीनपुढे माणसं दगा देतात, स्मशानात देत नाहीत. परळीपासून केजपर्यंत कुठेही माती असो, श्रद्धांजलीला मी उभा राहिलो की गर्दी गप्प होते. एका ठिकाणी तर सरण विझत आलं तरी माझं बोलणं चालू होतं आणि एक माणूस हलला नाही. काही जण इतके तल्लीन झाले की डोळे मिटून, माना टाकून तिथेच भिंतीला टेकले. भाषा माझी शुद्ध. आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलेलं नाही, शेंबड्या पोरालासुद्धा अहो-जाहो करतो. विचारा कुणालाही.

आणि माझा शेवटचा फोन तर प्रसिद्धच आहे. मयत माणसानं जाण्याआधी मला फोन केलेला असतो. 'मोहनराव, गावाकडं लक्ष ठेवा' असं म्हणून त्यानं फोन ठेवलेला असतो. हे वाक्य कोणत्याही मयताला शोभतं. हसू नका. खोटं नव्हे ते. मरताना माणूस काय म्हणाला असता हे ज्याला आतून कळतं, त्याला फोन वाजायची वाट कशाला बघावी लागते?

तर त्या दिवशी मी आमच्या मंडळींचा, म्हणजे विजयमालाबाईंचा, मिक्सर दुरुस्तीला टाकायला सिरसाळ्याच्या बाजारात गेलो होतो. तिथेच कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या वस्तीवरचे सुंदरराव गेले, माती थोड्या वेळात आहे. ओळख म्हणाल तर पुरेशी होती. एका लग्नात आम्ही शेजारीशेजारी जेवलो होतो. मिक्सरची पिशवी हातात तशीच घेऊन मी स्मशानात पोहोचलो, पिशवी एका पोराकडे दिली आणि उभा राहिलो.

ऊन टळटळीत होतं. सुरुवात नेहमीसारखी झाली. "काल सकाळीच मला सुंदररावांचा फोन आला," मी म्हणालो, "आणि बराच वेळ बोलत होते."

काय सांगू तुम्हाला, एवढ्या वाक्यावर गर्दी फुटली! माणसांनी टॉवेल तोंडात कोंबले. बायका पदराआड गेल्या. पुढच्या रांगेतल्या पाटलांचे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एक तरुण तर आवरेना म्हणून सरणामागे पळाला. इतकी रडणारी गर्दी मी पाहिली नव्हती. छाती भरून आली माझी. मी आवाज चढवला, "सुंदरराव म्हणाले, मोहनराव..."

आणि इथे गंमत झाली. म्हणायचं होतं गावाकडं लक्ष ठेवा. तोंडातून आलं, "खिडकी लावा. दिवा लावू नका, खिडकी लावा."

मला वाटलं, वा! काय सुचलं! खिडकी म्हणजे मोह, दिवा म्हणजे आयुष्य, असं काहीतरी जमवून मी ते पुढे नेलंसुद्धा. पण गर्दीतलं रडणं एकदम थांबलं होतं. बायकांच्या घोळक्यातून सुंदररावांच्या मंडळी, बायनाबाई, उठून उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

राख सावडून झाल्यावर त्यांचा मुलगा आदिनाथ माझ्या घरी आला. "आईनं बोलावलंय तुमाला. आत्ताच चला."

"काही विशेष?"

"ती काय सांगंना. जेवंना बी. बस म्हणती, मोहनरावाला आण."

त्यांचं घर वस्तीच्या टोकाला आहे, टेकाडावर. मागची भिंत थेट घळीच्या काठावर उभी आहे. सुंदररावांची खाट त्याच मागच्या खोलीत होती आणि खाटेला लागून लाकडी झडपांची, गजांची खिडकी. आत गेलो तर भिजलेल्या राखेचा वास. मला वाटलं, घरात सुतक आहे, असेल. खाटेवर बसलो. सहज लक्ष गेलं तर खिडकीचे सगळे गज गंजलेले, मात्र मधले दोन एका जागी कडेनं लख्ख. एसटीच्या दाराचा दांडा हात लावून लावून चकचकीत होतो ना, तसे. मी बोटानं चाचपलं. आतून गंज तसाच होता. गज बाहेरच्या बाजूनं घासलेले होते आणि बाहेर खाली दोन पुरुष खोल घळ. शिडीही उभी राहणार नाही.

बायनाबाई समोर जमिनीवर बसल्या. आवाज अगदी बारीक.

"मोहनराव, तुमाला त्येंचा फोन कसा आला?"

"आला ना बाई. सकाळी."

"त्येंची वाचा जाऊन दोन वरीस झाली हो. वारं गेलतं अंगावरून. सगळ्या गावाला ठावं हाय."

आता दुसरा कुणी असता तर तिथेच गारद झाला असता. मी शांतपणे म्हणालो, "अखेरच्या घटकेला माणसाची वाचा परत येते, बाई."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून, खरं सांगतो, माझं काळीज हललं. सुंदररावांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. लाव. दिवसभर गप्प असत. पण दिवेलागण झाली की खिडकीकडे बघत, डोळे मोठे करत आणि म्हणत, लाव. लाव. बाई बल्ब लावत. ते मान आपटत. बाईंना वाटे, देवाजवळचा दिवा म्हणत असतील, तो लावत. ते हात झाडत. शेवटी बाईंनी ठरवलं की नवऱ्याला अंधाराची भीती वाटते. मग त्या रोज तिन्हीसांजेला दिवा लावून थेट खिडकीत, त्यांच्या उशाशी ठेवायला लागल्या आणि झडपा सताड उघड्या टाकायला लागल्या, बाहेरही उजेड पडावा म्हणून.

"रोज," बायनाबाई म्हणाल्या. "दोन वरीस. त्ये वरडायचे, म्या वात मोठी करायचे. त्ये म्हणत हुते खिडकी लाव... आन म्या दिवा लावत हुते. म्या त्येंला त्याच्या तोंडी दिलं हो, मोहनराव."

"कुणाच्या तोंडी?"

"त्येच इचारायला बोलावलं तुमाला. तुमाला बोलले ना त्ये. भाईर काय हुतं?"

त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर सेवा केली आणि सेवाच उलटी झाली. मी ठरवलं, या माउलीच्या मनातलं भूत आपण काढायचंच. आदिनाथ उंबऱ्यात उभा होता, तो म्हणाला, "आई, दिस बुडाला. ती खिडकी घे लावून."

मी म्हणालो, "थांबा. लावू नका. दिवा आणा."

"कावून?" आदिनाथ चमकला.

"मी बसलोय ना इथे."

हे मी म्हणालो. सिरसाळ्याच्या हॉटेलात हे कुणी सांगितलं का तुम्हाला? नाही ना? दिवा मी स्वतः पेटवला आणि स्वतः खिडकीत ठेवला. आत दोघं मायलेक भिंतीला चिकटून, आणि खाटेवर मी एकटा. बाहेर शेतं काळवंडत चालली होती. घळीत कुठेतरी टिटवी ओरडत होती, ती थांबली. वारा नव्हता. तरी दिव्याची ज्योत आत वाकली... माझ्याकडे. राखेचा वास वाढला. आणि मग ते दोन गज... कुणी हात ठेवला की लोखंड जरासं कुरकुरतं ना... तेवढंच. बस.

मी काय पाहिलं? काही नाही. अजिबात काही पाहिलं नाही, कारण त्याच क्षणी मला मिक्सर आठवला. मिक्सर तसाच त्या पोराकडे राहिला होता. विजयमालाबाई चटणीला खोळंबल्या असतील, हे मनात आलं आणि मी उठलो. लोक म्हणतात पळालो. जरा झपझप चाललो, एवढंच. ज्वारीतून गेलो कारण तो रस्ता जवळचा आहे. एक चप्पल तिथे राहिली ती मुद्दाम, पुन्हा येण्याचं निमित्त असावं म्हणून. पॅन्ट फाटली ती बाभळीनं.

एक मात्र चूक झाली. तिला चूक म्हणा, नाहीतर पुढाऱ्याची सवय म्हणा. मयताच्या घरातून उठताना काही बोलू नये, गुपचूप निघावं, हे तुम्हा-आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पण जन्मभर घराघरांतून हात जोडत फिरलेलो मी. उंबऱ्यात वळलो, दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "येतो."

बायनाबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि खिडकीकडून, बाहेरून, कुणीतरी अगदी साधेपणानं म्हणालं, "हं."

तर अशी हकीकत आहे. आता यात पळाला कोण आणि जिंकला कोण, तुम्हीच सांगा. चार दिवसांनी आदिनाथ चप्पल घेऊन आला. म्हणाला, "आमच्याकडं आता काय न्हाई बगा. खिडकी उघडी ऱ्हायली तरी काय न्हाई. वास बी गेला. आई दोन घास खायला लागली." बायनाबाईंनी माझ्यासाठी धपाटी पाठवली होती. जे सुंदररावांना दोन वर्षं सांगता आलं नाही, ते मी भर स्मशानात खणखणीत आवाजात सांगितलं आणि एका बाईच्या घरातला त्रास माझ्या शब्दानं गेला. पंचक्रोशीत आहे का असा दुसरा वक्ता? मला अभिमान आहे त्याचा, आणि का नसावा?

वाचा बसली म्हणतात, तेही खोटं. आता इतका वेळ ऐकताय ना तुम्ही? दिवेलागणीला जीभ जरा जड होते, हे खरंय. डॉक्टर म्हणाले साखर आहे. म्हणून तर तुमचा निरोप आला तेव्हा दुपारचं या म्हणालो. बोलण्याच्या नादात बघा, ऊन कधी उतरलं कळलंच नाही. आणि या आमच्या खिडकीचे गज, हे मधले दोन, तुम्ही मघापासून बघताय, ते विजयमालाबाई पुसतात. त्या म्हणतात मी नाही पुसत. बायकांचं काय, विसरतात.

तर परवा मी येणार. तुमच्या चुलत्यांवर असं बोलतो की नांदूरघाट लक्षात ठेवील. आठ दिवसांपूर्वीच मला त्यांचा फोन आला होता. म्हणाले, मोहनराव...

लाईट गेली वाटतं. जाते या वेळेला. बसा, बसा. विजयमालाबाई आणतील काहीतरी.

कडी पडली का हो? आवाज आला. अहो, तेवढी ती खिडकी... तुम्ही जवळ आहात म्हणून सांगतो, ती तेवढी... दाबून...

नाही, काडेपेटी नको. विजयमालाबाई, तुम्ही तो दिवा घेऊन तिकडे... यांना कळतंय मी काय... खिडकी... ला...

लाव.

लाव.