आठवं मशीन

सकाळचे दहा वाजले होते. एसीने बोटं गारठली होती आणि ऑफिसचा चहा नेहमीसारखाच पाणचट. तिचं काम ठरलेलं: एआय मॉडेल शिकवणाऱ्या मंडळींना क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, कोरी मशिनं उभी करून द्यायची, लागेल ते सगळं त्यांवर चढवायचं, काम झालं की बंद करायची. हे सगळं तिला थोरल्या भावाने शिकवलेलं, शेजारच्याच खुर्चीत बसून, टपल्या मारत. "वेंधळे, पासवर्ड कागदावर लिहितात का गं कुणी?"

ती खुर्ची आता रिकामी होती. दोन महिन्यांपूर्वी दादा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होता. डॉक्टरांनी हात टेकले. वहिनी गयावया करत होती, "अजून थोडं थांबू या ना!" व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही हिने केली. वहिनीने तेव्हापासून बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर हिला स्वतःचंही तोंड बघवत नव्हतं. घाई तर नाही ना केली आपण? विचारणार कोणाला, कपाळ!

आज सात मशिनं हवी होती. तिने सात उभी केली. यादीत आठ दिसली.

आठव्यासमोर दादाचं खातं होतं. ते तर तिनेच बंद केलं होतं, स्वतःच्या हाताने.

"साहेब, हे आठवं कोणाचं?"

"कसलं आठवं? मला सातच दिसतायत. बरी आहेस ना?"

तिने त्या मशीनवरच्या कामाचा आलेख उघडला. रेघ वर चढायची, जरा थांबायची, खाली यायची. पुन्हा वर. तिने मनात चढउतारांमधले सेकंद मोजले. लय तीच होती. एकोणीस दिवस उशाशी बसून ऐकलेला श्वास ती विसरणार थोडीच होती!

"आता तरी सोड ना रे मला," ती पुटपुटली. साहेबांनी वळून पाहिलं.

तिने 'बंद करा' दाबलं.

'नक्की?' स्क्रीनने विचारलं.

दुसऱ्यांदा तिने हो म्हटलं.

रेघ सपाट झाली. यादीत सात उरली.

"झालं का गं?" साहेबांनी विचारलं.

बंद झालेल्या मशीनची शेवटची नोंद समोर उघडी होती:

'काम मध्येच थांबवलं. पूर्ण व्हायला उरलेला वेळ: चार मिनिटं.'