अण्णांचं लोकेशन

“मोबाईल शिकवतात ते इथंच का?”

दारातून आवाज आला तेव्हा मी खुर्च्या मांडत होते. चार वर्षं झाली त्याला. डिसेंबरातला रविवार होता, औरंगपुऱ्यातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत कोवळं ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात तो उभा होता. त्याच्यामागं धोतर-टोपीतले एक वयस्कर गृहस्थ. हातातला मोबाईल त्यांनी रुमालात गुंडाळून धरला होता.

“हे माझे वडील, काकासाहेब. फुलंब्रीहून आलोय,” तो म्हणाला. “मी विश्वजीत.”

“या ना काका, बसा. आणि तुम्ही? तुम्हाला येतो ना मोबाईल?”

तो निघायच्या बेतात होता. गाडीची किल्ली बोटात फिरत होती. ती थांबली.

“मला...? मला पण नाय येत फारसा,” तो म्हणाला, आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

मी वैदेही. तेव्हा चोवीस वर्षांची होते. आठवडाभर नोकरी आणि रविवारी सकाळी दोन तास हा वर्ग. गॅसचा नंबर कसा लावायचा, लाईटबिल कसं बघायचं, दवाखान्यात न जाता डॉक्टरांची वेळ कशी घ्यायची, परगावच्या नातवाला आवाज कसा पाठवायचा... असलं साधंच सगळं. अकरा विद्यार्थी होते, बहुतेक साठीच्या पुढचे. आणि मागं एकटा विश्वजीत, गालात हसणारा.

एकदा मी बोलून लिहायचं कसं ते शिकवत होते. “माईकचं चिन्ह दाबा आणि मनातलं काहीही बोला. फोन आपोआप लिहील.” सगळ्यांजवळून फिरत मी मागं पोचले, तर त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर लिहिलं होतं – मॅडम लई छान शिकवतात.

“फोननं बरोबर लिहिलंय का बघा मॅडम.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “पण वाक्य अर्धंच वाटतंय.”

“हां... उरलेलं बोलायची हिंमत नाय झाली.”

मी पटकन पुढं निघाले. कान गरम झाले होते. व्हिडिओ कॉलच्या दिवशी त्यानं त्याच खोलीतून मलाच कॉल लावला, नुसतं कपाळ दिसत होतं. “चेहरा दिसेना तुमचा,” मी म्हटलं. “लाजतोय तो,” तो म्हणाला. सगळा वर्ग हसला. त्या दिवसांत रविवारी काय घालायचं हे मी शुक्रवारीच ठरवून ठेवायचे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

पाचव्या रविवारी माझा लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडलाच जाईना. मी दहा मिनिटं झटत होते. शेवटी विश्वजीत उठला, खाली वाकला, दोन बटणं दाबली, काहीतरी बदललं, आणि पडदा उजळला.

“हे कसं जमलं तुम्हाला?”

उत्तर अण्णांनी दिलं. काकासाहेबांना घरी अण्णा म्हणत, आणि एव्हाना आम्हीही. “न जमायला काय झालं? शेंद्र्याच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवरच्या मशिनी चालवतो ना त्यो! चार पोरं हाताखाली हायेत.”

सगळे हसले. मी नाही हसले. महिनाभर मी या माणसाला मेसेज कसा पाठवायचा ते शिकवत होते!

“माझी गंमत बघायला येत होतात?”

“नाय मॅडम... ऐकून तर घ्या—”

“वर्ग सुरू करायचाय मला.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा एकटे एसटीनं यायचे, आणि मी शिकवताना उगाच दाराकडं बघायचे.

मग जानेवारीतला तो शनिवार आला. दुपारी एकच्या सुमारास माझ्या फोनवर अण्णांचं लोकेशन आलं, आणि त्यामागून त्यांचा आवाज: “मॅडम, सोयगावला बहिणीकडं निघालो व्हतो. सिल्लोडला गाडी बदलली, तर ती कन्नडच्या रस्त्याला लागली. मधीच उतरलोय. हे कुठलं गाव हाय तेवढं बघून सांगा. अन् इश्वजीतला सांगू नका.”

मी उलट फोन लावला. लागेना. पुन्हा लावला... लागेना. सत्तरीचा माणूस, एकटा, अनोळखी फाट्यावर. वर्गाच्या वहीतून विश्वजीतचा नंबर काढला. त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “निघतो. कुठं हायेत ते?”

“मीपण येते. लोकेशन माझ्याकडं आलंय.”

लोकेशन पुढं पाठवता येतं. ते मीच वर्गात शिकवलं होतं, आणि त्याला तर आधीपासून येत होतं. पण दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. अर्ध्या तासात हर्सूलच्या नाक्यावर मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले.

रस्त्यात गार वारा, दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी. सिल्लोडनंतर मी फोनात बघून “डावीकडं” म्हणायचे, तो मान हलवायचा. त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती.

फाट्यावर चहाची टपरी होती. शेजारी आगटी पेटवून चार माणसं हुरडा भाजत होती, आणि त्यांच्यात मांडी घालून अण्णा बसले होते. फोनची बॅटरी संपली होती, एवढंच.

“तुम्ही कशाला आलात? गावाचं नाव तेवढं पायजे व्हतं!”

“मला फोन का नाय केला अण्णा?” विश्वजीतनं गाडी लावायच्या आधीच विचारलं.

अण्णांनी तळहातावरचे दाणे फुंकले. “तू चिडतोस रं. मॅडमला सात येळा विचारलं, तर सातव्यांदा बी पयल्यासारखं सांगतात.”

विश्वजीत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “चुकलं माझं.”

“बरं, बरं. हुरडा खा. गरम हाय.”

अण्णा घरी यायला तयार नव्हते. आवडाबाई, त्यांची बहीण, वाट बघत असेल म्हणाले. मग टपरीवरच फोन चार्ज करून विश्वजीतनं त्यांना नकाशा दाखवला. “हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. आता सोयगाव शोधू.” अण्णांचं बोट भलतीकडं गेलं. “असू द्या, पुन्हा करू.” पुन्हा चुकलं. “पुन्हा करू.” चौथ्यांदा अण्णांना सोयगाव सापडलं. मी चहाचा ग्लास धरून बघत राहिले. चहा कधी गार झाला कळलंच नाही.

सिल्लोडकडं जाणाऱ्या एसटीत त्यांना बसवलं, कंडक्टरला सांगितलं. गाडी गेली, धुरळा खाली बसला.

“मॅडम, गंमत बघायला नव्हतो येत,” तो म्हणाला. “दिवाळीत अण्णा सारखं सारखं तेच विचारत होते. मी ओरडलो – एवढं सोपं डोक्यात शिरत नाय का? त्यांनी फोन कपाटात ठेवून दिला. महिनाभर हात नाय लावला. म्हणून तुमच्याकडं आणलं. सोडून निघणार होतो... पण तुम्ही त्यांना ज्या आवाजात ‘बसा’ म्हणालात ना... तसं बोलायला शिकायचं होतं मला.”

“आणि तेवढ्यासाठी महिनाभर बसलात?”

“दोन रविवार तेवढ्यासाठी.” तो खाली बघत होता. “बाकीचे तुमच्यासाठी.”

मी त्याच्याकडं वळले. “मग परत आला का नाहीस?”

‘नाहीस’ तोंडून निघून गेलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं.

“तू रागावली होतीस,” तो हळूच म्हणाला.

“रागावले होते... पण वाट बघत होते.”

परतीच्या वाटेवर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं गाडीचा वेग कमी केला, आणि घर लवकर येऊ नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आम्हाला लग्न करायचंय हे घरी सांगायला मला सहा महिने लागले. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आपल्यात असं कुणी केलं नाही, शेतकऱ्याच्या घरात तुझा निभाव कसा लागणार... हे सगळं ते आईजवळ बोलायचे. मग एके सकाळी त्यांनी चहाच्या टेबलावर फोन ठेवला आणि एक आवाज लावला. आवाज अण्णांचा होता. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

“केशवराव, रामराम. काकासाहेब बोलतोय, फुलंब्रीहून. तुमच्या लेकीनं हे असं बोलायला शिकवलं, म्हणून बोलतो. आमचं घर साधं हाय. पण पोरगी आमच्यात आली, तर तिच्यावर कुणाचा आवाज चढणार नाय. माझा बी नाय, अन् माझ्या पोराचा तर नायच. एवढा शब्द देतो.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. फोन माझ्यापुढं सरकवला.

“यांना उत्तर पाठवायचंय मला,” ते म्हणाले. “कुठं दाबायचं, दाखव.”