कनिशायवहिनीचे डोहाळे

हे कुणाला पटवायला लिहीत नाहीये. मी डोंगराखालच्या करकोल शहरात दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जे पाहिलं आणि ज्याचा वास घेतला, तेवढंच सांगते.

जूनमधली दुपार होती. लख्ख ऊन.

लग्नानंतर नऊ वर्षांनी वहिनीला दिवस गेले होते. डोहाळे एकच. किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. आमच्यात गरोदर बाईचे डोहाळे अपुरे ठेवत नाहीत. बाळाला भोवतं. म्हणून आम्ही दोघी रानातून वरच्या कुरणाकडे निघालो. तिथे तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ तालाय, घोड्या राखतो.

"मला नकोय गं," वहिनी धापा टाकत म्हणाली, "तुझ्या भाच्याला हवंय. बापासारखाच हट्टी!"

अर्धा चढ झाला आणि पाखरं गप्प झाली...

झाडांत नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा तंबू होता.

रानात कुणी तंबू ठोकत नाही. घोड्यांना चरायला गवतच नसतं. इथे घोड्या नव्हत्या. लीद नव्हती.

माशासुद्धा नव्हत्या...

दारात एक म्हातारी वाडगा धरून उभी.

"दमलीस ना पोरी? तोंड तरी लाव. माझ्या दारावरून तशीच जाशील?"

समोर आलेला वाडगा आम्ही नाकारत नाही. तरी मी वहिनीची बाही ओढली. दुधावर पिवळट साय होती...

ती हलत होती.

वास आंबट नव्हता. कपाटामागे मेलेल्या उंदराचा असतो तसा, गोडसर.

"वहिनी, नको."

"तुझी प्रयोगशाळा ठेव खाली करकोलला!" तिने वाडगा तळापर्यंत रिकामा केला. ओठ चाटले.

म्हातारी तिच्या पोटाकडे बघत होती.

"आता त्याला दुसरं काही रुचायचं नाही."

रान संपलं, डोंगरांच्या कुशीतलं कुरण आलं. तालायने ताजं किमिझ आणलं. वास येताच वहिनीला उलटी झाली.

पांढरे केस... ओले, लांब, गुंतलेले. तालाय बोटांना गुंडाळत ते तिच्या तोंडातून ओढत राहिला.

उतरताना तिघांनी तंबू शोधला. तिथे फक्त सुकलेल्या पानांचा थर. त्यावर आम्हा दोघींच्या बुटांचे ठसे.

तिसरे नाहीत.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. आईच्या दुधाला तोंड लावत नाही. बाटलीलाही नाही.

तरी बाळसं धरतंय...

"आत्याकडे जा रे," वहिनी म्हणते. मी श्वास रोखून त्याला घेते.

काल त्याने जांभई दिली. तोच गोडसर वास. जिभेवर एक पांढरा केस.

मी तो चिमटीत धरून ओढला. ओढतच राहिले...

संपेना. अर्ध्यातच सोडून दिला.